संगणक-कौशल्याचा तास आणि लंबकाचा आलेख

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आता एक नवा तास दिसू लागला आहे. कुठे त्याचे नाव 'डिजिटल कौशल्ये' असते, कुठे 'संगणकाची मूलतत्त्वे', कुठे आणखी काही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी चौकट आखली गेली. ती महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, आणि तिच्यात कौशल्यांच्या पेपरांना हक्काची जागा मिळाली. असा पेपर सहसा दोन श्रेयांकांचा असतो. प्रात्यक्षिक धरले तर त्याचे साठ तास होतात. पदवी हाती आल्यावर मुलामुलींना काम मिळावे, निदान मिळालेल्या कामात पहिल्याच आठवड्यात त्यांची फजिती होऊ नये, हा त्यामागचा हेतू. या हेतूविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण या साठ तासांत काय शिकवले जाते आणि अखेरीस काय तपासले जाते, त्याविषयी मात्र शिक्षकांनी आपसांत स्पष्ट बोलायला हवे असे आम्हांला वाटते. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही त्यांना हेच साठ तास मिळतात, दुसरे नाहीत.

या विषयाची बाजारात मिळणारी मार्गदर्शके आणि नमुना प्रश्नसंच चाळले की एक ठरावीक साचा दिसतो. सीपीयूचे पूर्ण रूप लिहा. खालीलपैकी आदान-साधन कोणते? मजकूर ठळक करण्यासाठी कोणत्या दोन कळा एकत्र दाबाव्यात? नवी स्लाइड कोणत्या मेनूतून येते? चार पर्याय, एक बरोबर. यांतले बहुतेक प्रश्न असे आहेत की संगणक समोर असेल तर ते विचारण्याचे कारणच उरत नाही. उत्तर पडद्यावर लिहिलेले असते. आणि संगणक समोर नसेल तर त्या उत्तराचा उपयोग काय? पोहण्याच्या परीक्षेत तलावाची लांबी-रुंदी विचारावी तसा हा प्रकार आहे.

बटणांचे ज्ञान किती दिवस टिकते याचा हिशेब आपल्या पिढीने स्वतःच पाहिला आहे. नव्वदच्या दशकात गावोगावच्या संगणक-वर्गांत वर्डस्टार, लोटस १-२-३ आणि डीबेस शिकवले जात. त्यांतले एकही आज कोणी नोकरीसाठी विचारत नाही. पुढे विंडोज आले, ऑफिस आले, त्यातले मेनू मुलांनी पाठ केले. आणि २००७ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ते मेनूच काढून त्यांच्या जागी चित्रांची पट्टी आणली. 'फॉरमॅट मेनूतला तिसरा पर्याय' ज्यांना पाठ होता त्यांचे भांडवल तिथे संपले. याउलट, १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिसिकॅल्क नावाचा कार्यक्रम बाजारात आणला. ओळी आणि स्तंभ यांचे जाळे, प्रत्येक चौकटीला पत्ता, चौकटीत आकडा किंवा दुसऱ्या चौकटींवर आधारलेले सूत्र, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलणे, ही त्यातली कल्पना. चार दशकांहून अधिक काळ लोटला, यंत्रे बदलली, कंपन्या बुडाल्या, ती कल्पना जशीच्या तशी आहे. जो ती समजला त्याला लोटसवरून एक्सेलवर आणि एक्सेलवरून लिब्रेऑफिसवर जायला एक दुपार पुरली.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू केले तेव्हा संगणकाची भीती घालवणे हेच मोठे काम होते. तालुक्याच्या गावी, अगदी बाजारपेठेतल्या गाळ्यात, शेतकऱ्याच्या मुलीने प्रथमच माउस हातात धरला तो या वर्गांमुळे. मराठीतून शिकवणारे साहित्य त्यांनी तयार केले, हेही लहान नव्हे. पुढे शासकीय भरतीत आणि सेवेत संगणक-ज्ञानाचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, आणि मग जे व्हायचे ते झाले. प्रमाणपत्र हे ज्ञानाचे चिन्ह न राहता अर्जाला जोडायचा एक कागद झाले. आमची भीती ही की महाविद्यालयातला नवा पेपर त्याच वाटेने निघाला आहे, आणि तोही वीस-बावीस वर्षे उशिरा, जेव्हा भीती घालवण्याचे काम जवळजवळ उरलेले नाही.

कारण आजच्या अठरा वर्षांच्या मुलाला यंत्राची भीती नाही. त्याची अडचण वेगळी आहे. 'प्रथम'च्या 'असर २०२३' या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयी असे आढळले की सुमारे नव्वद टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, पण संगणक वा लॅपटॉप फक्त नऊ टक्क्यांच्या घरी आहे. तीच मुले आता आपल्या वर्गात आहेत. फोनवर त्यांनी काय शिकले आणि काय शिकले नाही हे बघण्यासारखे आहे. फोनची रचनाच अशी असते की फाइल नावाची वस्तू डोळ्यांआड राहावी. छायाचित्र गॅलरीत असते, पत्रक व्हॉट्सॲपमध्ये असते, गुणपत्रक 'कुठेतरी डाउनलोडमध्ये' असते. एकच मजकूर तिघांना पाठवला की त्याच्या तीन प्रती झाल्या, आणि एकीत दुरुस्ती केली तरी उरलेल्या दोन तशाच राहिल्या, ही जाणीव फोन देत नाही. म्हणून 'ही फाइल त्या फोल्डरमध्ये ठेव आणि जुनी प्रत राहू दे' असे सांगितले की चुणचुणीत मुलेही गोंधळतात. तो त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. फाइल म्हणजे काय, ती कुठे असते, तिच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर काय लिहिलेले असते आणि ते बदलले तर काय होते, प्रत आणि मूळ यांत फरक काय, यावर चार तास मनापासून घालवले तर ते सत्कारणी लागतील. बहुतेक अभ्यासक्रमांत याला अर्धे पान असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. संगणक-कौशल्य हा वेगळा विषय करून वेगळ्या खोलीत, वेगळ्या शिक्षकाने शिकवावा, या कल्पनेतच खोट आहे असे आम्ही समजतो. का, ते एका साध्या प्रयोगावरून सांगता येईल. प्रयोग सर्वांच्या ओळखीचा आहे: साधा लंबक.

विद्यार्थ्याने लंबकाची लांबी २०, ३०, ५०, ८० आणि १२० सेंटिमीटर घेतली आणि प्रत्येक वेळी दोलनकाल मोजला. वाचने साधारण ०.९०, १.१०, १.४२, १.८० आणि २.२० सेकंद अशी येतील. दोलनकालाचे वर्ग केले की ०.८१, १.२१, २.०२, ३.२४ आणि ४.८४. लांबी मीटरमध्ये आडव्या अक्षावर आणि हे वर्ग उभ्या अक्षावर मांडले की सरळ रेषा मिळते, तिचा चढ चार एवढा येतो, आणि चार पाय-वर्गाला त्या चढाने भागले की गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास निघते. आलेख कागदावर ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुले करत आली.

आता हेच काम संगणकावर करायला सांगा. विद्यार्थी दोन स्तंभ भरतो, ते निवडतो, आलेखाच्या चित्रांवर जातो आणि 'लाइन' नावाचे चित्र दाबतो. का नाही दाबणार? त्याला रेषाच हवी आहे. संगणक-कौशल्याच्या पेपरात त्याला 'आलेखाचे प्रकार सांगा: बार, पाय, लाइन' एवढेच शिकवले आहे. पण स्प्रेडशीटमधला 'लाइन' आलेख आडव्या अक्षावरच्या आकड्यांना आकडे मानत नाही. ती त्याच्या दृष्टीने नुसती नावे असतात, जानेवारी-फेब्रुवारी किंवा नाशिक-नगर यांसारखी. म्हणून तो २०, ३०, ५०, ८०, १२० यांना सारख्या अंतरावर मांडतो. परिणामी सरळ रेषेऐवजी वर वळणारा वक्र दिसतो. मौज अशी की आपण लांबीतली अंतरे १०, २०, ३०, ४० अशी वाढती घेतली असल्याने तो वक्र जवळजवळ नेमका परवलय असतो. एखादा हुशार विद्यार्थी त्यावर टिप्पणीही लिहील.

गंमत इथे संपत नाही. त्या आलेखावर 'ट्रेंडलाइन' मागितली तर संगणक निमूटपणे देतो. आडव्या अक्षावर त्याने स्वतःच १, २, ३, ४, ५ असे आकडे धरलेले असतात. त्या रेषेचा चढ सुमारे एक येतो, आणि त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे ३९ मीटर! गुरू ग्रहाच्या ढगांच्या पातळीवरही ते पंचविसाच्या आतच आहे. शिवाय रेषा किती चांगली बसली याचा निर्देशांक संगणक ०.९५ असा दाखवतो, म्हणजे वरवर पाहता उत्तम. काम 'डिजिटल' झाले, रंगीत आलेख छापून जर्नलला लागला, आणि उत्तर चौपट चुकले.

जो आलेख त्याला हवा होता त्याचे नाव 'स्कॅटर' असे आहे, आणि मराठी वा इंग्रजी कोणत्याही भाषेत त्या नावावरून ते कळण्यासारखे नाही. ही चूक आलेख कागदावर होणे अवघड होते, कारण तिथे प्रमाण स्वतः ठरवून अक्षावर खुणा स्वतः कराव्या लागत. हाताने करण्यात जे अडवून धरणे होते ते यंत्राने काढून टाकले. म्हणून आलेख कागद आधी आणि संगणक नंतर, एकाच प्रयोगासाठी दोन्ही, असा आमचा आग्रह आहे. दोन उत्तरे जुळली नाहीत की शिकणे सुरू होते.

आता विचारा, ही चूक कोणाच्या तासाला उघडी पडेल? संगणकाच्या शिक्षकाच्या दृष्टीने त्यात चूक नाहीच. स्तंभ निवडले, आलेख आला, शीर्षक दिले, अक्षांना नावे दिली: पैकीच्या पैकी गुण. ३९ हा आकडा पाहून दचकायला भौतिकशास्त्राचा शिक्षक लागतो. आणि तो म्हणतो, संगणक हा काही माझा विषय नाही. या दोघांच्या मधल्या फटीत विद्यार्थी पडतो.

कोणी म्हणेल की लंबकाचा आलेख चुकला तर कोणाची नोकरी जात नाही. म्हणून महाविद्यालयाबाहेरची तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही गाजलेली आहेत आणि तिन्हींत गुंतलेली माणसे उच्चशिक्षित होती.

पहिले इंग्लंडचे. २०२० च्या सप्टेंबरअखेर तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत यायचे राहिले. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत उतरवल्या जात होत्या. त्या प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात. जागा भरली, पुढच्या ओळी गळून गेल्या. रुग्णांना त्यांचे निकाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध घेण्याचे काम त्या काळात थांबून राहिले. नव्या प्रकारच्या फाइलीत दहा लाखांहून अधिक ओळी मावतात, आणि तो प्रकार २००७ पासून उपलब्ध होता. फाइलीच्या नावातल्या टिंबानंतरची अक्षरे वर आम्ही म्हटली, ती हीच.

दुसरे जीवशास्त्राचे. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजीत 'मार्च-१' किंवा 'सेप्ट-२' अशी होती. ती स्प्रेडशीटमध्ये लिहिली की यंत्र आपण होऊन त्यांची तारीख करून टाकते: एक मार्च, दोन सप्टेंबर. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिघा संशोधकांनी अठरा नियतकालिकांतले, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले सुमारे ३,६०० शोधनिबंध तपासले. त्यांतल्या जवळजवळ पाचव्या हिश्शात ही चूक निघाली. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. यंत्राची ही सवय बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये. जनुकांचे राहू द्या. आपल्याकडे काही विद्यापीठांत विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक सोळा अंकी असतो. स्प्रेडशीट आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवते आणि सोळाव्याचे शून्य करते. क्रमांक 'मजकूर' म्हणून न भरता 'आकडा' म्हणून भरला की लागोपाठच्या दहा विद्यार्थ्यांचा क्रमांक एकच होऊन बसतो. बँक-खात्याच्या क्रमांकाच्या आरंभीची शून्ये तशीच उडतात. शिष्यवृत्तीच्या यादीत असे झाले तर त्याचा अर्थ काय, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात बसणाऱ्यांना सांगायला नको.

तिसरे उदाहरण शिक्षकांना विशेष आवडेल. हार्वर्ड विद्यापीठाचे दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञ, कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांचा २०१० मधला एक निबंध असे सांगत होता की राष्ट्राचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेले की वाढीचा सरासरी दर शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्क्यावर येतो. सरकारी खर्च कमी करावा असे म्हणणाऱ्यांनी तो जगभर उद्धृत केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ म्हणून एका प्रसिद्ध निबंधातले निष्कर्ष स्वतः पडताळून पाहायचे होते. त्याने हा निबंध निवडला. आकडे काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची स्प्रेडशीट मागितली, त्यांनी ती दिली, आणि त्यात दिसले की सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ या ओळींवरच लावले होते. पाच देश बाहेर राहिले होते. त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह २०१३ मध्ये केलेल्या मांडणीत तो सरासरी दर २.२ टक्के आला. सगळा फरक या सूत्राने पडला नव्हता हे सांगायला हवे. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना दिलेले भार यांचा वाटा त्यात मोठा होता. पण स्प्रेडशीट उघडून सूत्राची व्याप्ती वाचणारा कोणी भेटला नसता तर बाकीचेही उजेडात आले नसते.

या तिन्ही ठिकाणी जे ज्ञान कमी पडले ते कोणत्याही बटणाचे नव्हते. फाइलीची क्षमता, आकडा आणि मजकूर यांतला फरक, सूत्राची व्याप्ती. आणि त्यांच्या जोडीला मिळालेल्या उत्तराकडे संशयाने पाहण्याची सवय. एवढे शिकवायला साठ तास भरपूर झाले.

नोकरीचे नाव घेतलेच आहे तर एका नोकरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. महाराष्ट्रात आणि गोव्यात रसायनशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने औषध-कारखान्यांच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागांत जातात: तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम, वेर्णा. तिथली उपकरणे संगणकाला जोडलेली असतात. अमेरिकेत औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा नियम पाळावा लागतो. तो १९९७ पासून लागू आहे. नोंद कोणी केली, केव्हा केली, नंतर कोणी बदलली, आधी काय होती, हे सगळे यंत्रात राहिले पाहिजे. मूळ नोंद पुसता कामा नये. नोंद काम करतानाच झाली पाहिजे, संध्याकाळी आठवून नव्हे. २०१३ च्या सुमारापासून आपल्या देशातल्या अनेक कारखान्यांना जी इशारापत्रे आली त्यांत याच गोष्टी होत्या: नकोसा निकाल आलेल्या चाचण्यांच्या फाइली पुसलेल्या, हवा तो निकाल येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा केलेली. त्याची किंमत कारखान्याने निर्यात थांबून मोजली आणि कामगारांनी रोजगार जाऊन.

आता आपल्या प्रयोगशाळांकडे वळू. वाचन कच्च्या कागदावर घ्यायचे, उत्तर जमत नसेल तर 'रीडिंग ॲडजस्ट' करायचे, मग जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचे आणि कच्चा कागद टाकून द्यायचा. काही ठिकाणी मागच्या वर्षीचे जर्नल समोर ठेवून वाचनेच पाडली जातात. आपण सर्वजण हे जाणतो आणि त्याकडे काणाडोळा करतो, कारण खाडाखोड नसलेल्या जर्नलला आपणच गुण देतो. स्प्रेडशीटमध्ये तर उत्तरावरून उलटी वाचने काढणे हा एका सूत्राचा खेळ आहे. ज्या मुलीने तीन वर्षे असे केले तिला कारखान्यात पहिल्या दिवशी सांगतात की मूळ नोंद पुसणे हा गुन्हा आहे. संगणक-कौशल्याच्या पेपरात तिला पडद्याची पार्श्वभूमी कशी बदलावी हे शिकवलेले असते. डिजिटल कौशल्य शिकवायचेच असेल तर सुरुवात कच्च्या कागदापासून करावी लागेल: तो जर्नलला जोडणे सक्तीचे करणे, चुकलेले वाचन एका रेघेने खोडून शेजारी कारण आणि सही घेणे, आणि संगणकावर मूळ वाचनांची फाइल हात न लावता ठेवून गणिते तिच्या प्रतीवर करणे. यासाठी एक रुपया खर्च नाही.

मराठीबद्दल एक गोष्ट राहून जाऊ नये. मराठी टंकलेखन येते असे सांगणाऱ्या बहुतेक पदवीधरांना संगणकात अक्षर कसे साठवले जाते हे ठाऊक नसते. जुन्या फाँटांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर नुसते 'क'चे चित्र बसवलेले असते. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो, आणि अकारविल्हे यादी लावायला गेले तर ती रोमन क्रमाने लागते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत, तिथे ही अडचण नाही. पण कार्यालयांच्या कपाटांत नि संगणकांत जुन्या पद्धतीचे दस्तऐवज पुष्कळ पडून आहेत, आणि ते उलगडून देणारा माणूस प्रत्येक कार्यालयाला हवा असतो. मराठी माध्यमातल्या मुलांना ही जाण देणे अवघड नाही. अभ्यासक्रमात मात्र ते आम्हांला क्वचितच आढळले.

आक्षेप काय येतील याची कल्पना आहे. यंत्रे पुरेशी नाहीत. खरे आहे, पण वर सांगितलेल्यापैकी काहीही करायला सहा जणांच्या गटामागे एक जुना संगणक पुरतो, आणि लिब्रेऑफिस फुकट मिळते. विषय-शिक्षकांना संगणक येत नाही. तेही अंशतः खरे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले छोटे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत, ते पाहून, थांबवून, करून बघून एका सुट्टीत कामापुरते शिकता येते. खरी अडचण तासांच्या वाटणीची आहे. कौशल्याचा पेपर एका विभागाच्या नावावर असतो, त्याचे तास त्या शिक्षकाच्या कार्यभारात धरलेले असतात, आणि त्यातले वीस तास भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत न्यायचे म्हटले की दोन विभागांत कागदपत्रांचे युद्ध सुरू होते. प्राचार्यांनी मनावर घेतले तर ते सुटते. न घेतले तर आमच्याकडे त्याला उपाय नाही.

आणि हल्ली एक नवा आक्षेप ऐकू येतो: आता कृत्रिम बुद्धिमत्ता सूत्रेही लिहून देते नि आलेखही काढते, मग शिकायचे कशाला? २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून हे बोलणे वाढले. सूत्रे ती लिहून देते हे खरे. पण विद्यार्थ्याने लाइन आलेख मागितला तर ती लाइन आलेख देईल, आणि ३९ हा आकडा पाहून दचकायचे की नाही हे उत्तर वाचणाऱ्यावरच राहील. कोणत्या कळा दाबाव्यात हे सांगणे हेच ज्या पेपराचे सारे धन होते त्याची मात्र आता पंचाईत आहे.

परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणे बदलत नाही, म्हणून प्रश्नपत्रिकेचा एक नमुना सुचवतो. चार पर्यायांचे प्रश्न काढून टाकावेत आणि प्रत्येकाला एक फाइल द्यावी. चाळीस ओळी, त्यांत मुद्दाम पेरलेल्या पाच चुका: एक आकडा मजकूर म्हणून भरलेला, त्यामुळे बेरजेत न येणारा, काही लांब्या सेंटिमीटरमध्ये तर काही मीटरमध्ये, सरासरीचे सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत न पोहोचलेले, दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली एक तारीख, आणि जिथे स्कॅटर हवा तिथे लाइन आलेख. पुस्तक उघडे, इंटरनेट उघडे, वेळ दीड तास. मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने द्यायची, आणि सोबत एक पान मराठीत लिहायचे: काय चुकले होते, कशावरून संशय आला, काय बदलले. निम्मे गुण दुरुस्त केलेल्या फाइलीला, निम्मे त्या पानाला. मूळ फाइलीत काही बदललेले आढळले तर पहिले निम्मे शून्य.